आलाप ऐकू येत नाही आणि तान सहन होत नाही : दोष ध्वनिमुद्रणाचा, यंत्राचा की कानाचा?

धोटा (सोलापूर) – प्रश्न

नमस्कार. माझे वय ५८ आहे. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. वयाच्या १८ व्या वर्षापासून मी मागांच्या खडखडाटात दिवसाचे दहा-दहा तास काढले आहेत, आणि मुलाने कारभार हाती घेतल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, संध्याकाळी निवांत बसून गाणे ऐकण्याची चैन मला परवडू लागली आहे. वडिलांनी जमवलेल्या ख्यालगायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या कॅसेट मी ओळखीच्या एका गृहस्थांकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. त्याच पेनड्राइव्हवर नातवाने त्याच्या आवडीची अलीकडची चित्रपटगीते भरून ठेवली आहेत, आणि माझी शंका या शेजारातूनच निर्माण झाली.

ख्याल लावला की तंबोरा आणि मंद्रातला आलाप नीट कानी पडावा म्हणून मला आवाजाचा आकडा २६ पर्यंत न्यावा लागतो. पुढे गायक तारसप्तकात गेला किंवा तबलजीने जोरकस तिहाई घेतली, की तोच आवाज कानात अक्षरशः टोचतो आणि घरातली मंडळी दुसऱ्या खोलीतून तो कमी करायला सांगतात. आकडा १६ वर आणला की तान सुखाची होते, पण आलाप पुन्हा नाहीसा होतो. नातवाची गाणी मात्र १२ वर ठेवली तरी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्पष्ट आणि एकसारखी ऐकू येतात. माझी आवड जुन्या गाण्याची असूनही कानाला सोयीचे नवे गाणे पडते, हे मान्य करायला मला थोडा संकोच वाटतो.

दुकानदाराच्या सल्ल्याने मी ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून १०० वॅटचा घेतला. आवाज दुप्पट होईल असे त्याने सांगितले होते; प्रत्यक्षात फरक जेमतेम जाणवला. मुलाच्या मते कॅसेट खराब आहेत, पत्नीच्या मते माझे कान. माणसाच्या कानाला किती बारीक आणि किती मोठा आवाज झेपतो याला काही निश्चित मर्यादा आहे का, आणि नवे गाणे जुन्यापेक्षा इतके मोठे का वाजते, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक उपप्रश्न आहे. आमच्या जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण होते. ते दाबले की खर्ज भरून येत असे. नव्या यंत्रावर ते नाही. ते नेमके काय करीत असे?

मंद्र

मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. वॅटची गोष्ट आधी निकालात काढतो, कारण तिच्यात आपले पैसे गेले आहेत. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि एवढी वाढ कानाला ‘जरासा मोठा झाला’ इतकीच वाटते. आवाज दुप्पट मोठा भासावा यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दसपट करावी लागते. ५० वॅटच्या जागी ५०० वॅट. त्यातही घरच्या खोलीत आपण सरासरीने एक-दोन वॅटच्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे नव्या यंत्राची वाढीव ताकद बहुतेक वेळ तशीच पडून असते.

डेसिबलचे कोष्टक असे वाकडे का, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण कानाचा आवाका आहे. शून्य डेसिबल म्हणजे हवेच्या दाबातला २० मायक्रोपास्कलचा चढउतार, आणि निकोप तरुण कानाला १००० हर्ट्झचा सूर साधारण याच पातळीला जेमतेम ऐकू येतो. त्या वेळी हवेच्या कणांची हालचाल हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असते. कान याहून फारसा तीक्ष्ण असता, तर हवेच्या रेणूंची स्वतःची धडपडसुद्धा आपल्याला सतत ऐकू येत राहिली असती. दुसऱ्या टोकाला १२० डेसिबलच्या आसपास आवाज ऐकण्याऐवजी टोचू लागतो. या दोन टोकांमध्ये दाबाचे अंतर दहा लाख पटींचे आहे आणि ऊर्जेचे एक लाख कोटी पटींचे. एवढा पसारा सरळ मोजपट्टीवर मांडता येत नाही, म्हणून ही गुणोत्तरांची मोजपट्टी वापरतात.

आता आपला पेनड्राइव्ह. डिजिटल ध्वनिमुद्रणाला वरून पक्के छत असते. त्या छताच्या वर एकही लहर जाऊ शकत नाही. जुन्या पद्धतीच्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा तारषड्ज त्या छतापर्यंत पोहोचतो आणि आलाप पुष्कळ खाली राहतो. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तिच्या १६ बिटांमुळे छत आणि जमीन यांच्यात ९६ डेसिबलची उंची मिळाली, जी कॅसेटला कधीच साधली नव्हती. या उंचीचा उपयोग सूक्ष्म आवाज टिपण्यासाठी होईल असे वाटले होते, पण १९९० नंतर उलटेच घडले. एकच गाणे एका डेसिबलच्या फरकाने दोनदा ऐकवले, तर ऐकणाऱ्याला मोठे वाजलेले गाणे ‘अधिक चांगले’ वाटते, आणि फरक फक्त पातळीचा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. रेडिओवर आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा फिके पडू नये म्हणून प्रत्येक निर्माता पातळी चढवू लागला. छत तर हलत नाही. मग शिखरे दाबायची आणि उरलेले सगळे वर उचलायचे, एवढाच मार्ग राहतो.

आपल्याच धंद्यातले उदाहरण घ्यायचे तर टेरी टॉवेलचे लूप कातरून सगळे एका उंचीला आणावेत आणि मग अख्खे कापड छताला टेकेपर्यंत वर सरकवावे, तसे हे काम आहे. कातरण्याच्या यंत्राला आम्ही लिमिटर म्हणतो आणि एकूण दाबण्याला कॉम्प्रेशन. (फाइलचा आकार लहान करणारे कॉम्प्रेशन वेगळे, त्याचा येथे संबंध नाही.) नातवाच्या गाण्यांची सरासरी पातळी छतापासून आठ-नऊ डेसिबल खाली असेल, तर आपल्या कॅसेटवरून उतरवलेल्या ख्यालाची वीस किंवा त्याहूनही खाली असणे अगदी शक्य आहे. १२ आणि २६ या आकड्यांमधला फरक बराचसा येथूनच येतो. कॅसेट खराब आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यात फितीची सरसर असेल, परंतु त्यांच्यातला चढउतार गायकाचा आहे.

ही चढाओढ अलीकडे थोडी थंडावली आहे. केवळ शिखर न मोजता कानाला भासणारी पातळी मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये ठरली, २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारण संघटनेने आपल्या वाहिन्यांसाठी उणे २३ (म्हणजे छताच्या २३ डेसिबल खाली) ही पातळी सुचवली, आणि आता इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा साधारण उणे १४ च्या आसपास सगळ्यांना एका रेषेत आणतात. त्यामुळे तिथे जास्त कातरलेल्या गाण्याचा आवाज आपोआप उतरवला जातो. पेनड्राइव्हवर असा पंच कोणी नसतो.

लाउडनेस बटणाचे उत्तर १९३३ सालापर्यंत मागे जाते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी वेगवेगळ्या उंचीचे स्वर कानाला सारखेच मोठे वाटावेत यासाठी प्रत्येकाची पातळी किती ठेवावी लागते, याचे आलेख काढले. हळू आवाजात आपला कान खर्जाला जवळजवळ बहिरा असतो आणि आवाज वाढवत नेला की हा बहिरेपणा कमी होत जातो, असे त्यांवरून दिसते. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. तिचा मूळ स्वर नुसता जाणवायलाही सुमारे ३५ डेसिबल लागतात, तर १००० हर्ट्झच्या स्वराला शून्याच्या जवळपास पुरतात. म्हणून गाणे हळू लावले की खर्ज आधी गळतो आणि सगळे पातळ वाटते. ते बटण हळू आवाजाच्या वेळी खर्ज मुद्दाम वाढवून ही तूट भरून काढीत असे. मोठ्या आवाजात ते दाबून ठेवले की खोली घुमायची, आणि पुष्कळ घरांत ते कायम दाबलेलेच असे.

एक अवांतर गोष्ट. १९०२ मध्ये गौहरजान यांनी कोलकात्यात पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून पूर्ण आवाजात गावे लागत असे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ पासून आले, आणि हळुवार गाणे तबकडीवर उतरणे त्यानंतरच शक्य झाले. आवाजाचे दडपण गाण्यावर आजच आलेले नाही.

कर्णपटल

मी श्रवणतज्ज्ञ आहे. येथे निदान करता येणार नाही, परंतु मूळ प्रश्नातले एक वाक्य मला फार बोलके वाटले : आलाप ऐकू येत नाही आणि तान सहन होत नाही. मंद्र यांनी पेनड्राइव्हचे जे स्पष्टीकरण दिले ते बरोबर आहे, पण त्याने ‘नवे गाणे मोठे का’ एवढेच समजते. एकाच ख्यालात खालचे टोक हरवते आणि वरचे टोक बोचते, याचे कारण बहुधा कानात आहे.

आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातल्या पडद्यावरून ध्वनीची लहर धावत जाते आणि उंच स्वर नळीच्या तोंडाशी, तर खर्ज आतल्या टोकाशी सर्वाधिक हेलकावा देतो. हे दाखवून देणाऱ्या फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी असतात आणि त्या मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,००० पेशी असतात. त्यांचे काम वेगळे आहे. त्या स्वतः आखडतात-लांबतात आणि बारीक आवाजाला आतल्या आत बळ देतात. मोठ्या आवाजाला त्यांची मदत फारशी लागत नाही. वर्षानुवर्षे गोंगाट सोसलेल्या कानात आधी मरतात त्या याच बाहेरच्या पेशी, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

परिणाम असा होतो की बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे राहतात. निकोप कानाला एखाद्या स्वरपट्टीत शून्यापासून शंभर डेसिबलपर्यंतची जागा मोकळी असेल, तर अशा कानाची जागा पन्नासपासून सुरू होते आणि तरीही शंभरलाच संपते. तेवढ्या अरुंद जागेत, ऐकू येण्यापासून नकोसे होण्यापर्यंत, सगळा प्रवास आटपतो. आवाज थोडा वाढला तरी तो एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. आमच्या व्यवसायात याला रिक्रूटमेंट म्हणतात. पस्तीस-चाळीस डेसिबलचा चढउतार असलेला ख्याल या जागेत मावत नाही, आणि आठ-दहा डेसिबलमध्ये कातरून बसवलेले चित्रपटगीत सहज मावते. आपल्या आवडीत काही खोट नाही, तेव्हा संकोच वाटायचे कारण नाही. श्रवणयंत्रेसुद्धा हेच करतात : बारीक आवाज पुष्कळ उचलतात, मोठा आवाज जेमतेम उचलतात किंवा तसाच सोडतात. फरक इतकाच, की श्रवणयंत्र प्रत्येक स्वरपट्टीत त्या कानाच्या गरजेपुरते दाबते. गाण्याच्या कारखान्यात मात्र सगळ्यांच्या कानांसाठी एकदाच कातरून ठेवलेले असते.

धोट्याच्या (शटलच्या) मागांच्या दालनात ९५ ते १०० डेसिबलची पातळी सर्वसाधारण मानली जाते. जागतिक स्तरावर व्यवसायरोगतज्ज्ञ ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतात : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. या हिशेबाने एका दिवसाचा वाटा आपण सकाळच्या पहिल्या चहाआधीच संपवत होता. पहिली झीज बहुतेकांना ४००० हर्ट्झच्या आसपास होते, कारण सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ३००० हर्ट्झच्या जवळपासचा आवाज स्वतःच वाढवून आत पाठवते आणि तिचा फटका किंचित वरच्या पट्टीला बसतो. तिथे स, श, ख, थ यांसारख्या व्यंजनांचा बराच अंश असतो. म्हणून असे लोक ‘ऐकू येते पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार करतात, आणि घरचे लोक ‘यांना सोयीचे तेवढे ऐकू येते’ अशी.

वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते हे वाक्य पाठ्यपुस्तकातले आहे आणि ते तरुण कानापुरते खरे आहे. आपल्या वयाला वरची मर्यादा दहा-बारा हजारांवर आली असणे स्वाभाविक आहे. त्याने स्वर हरवत नाहीत, कारण पियानोची सर्वांत उंच पट्टीसुद्धा ४,१८६ हर्ट्झची असते. हरवतो तो स्वरांचा झळाळ.

श्रवणचाचणी अवश्य करून घ्या, मात्र कारखान्यातून उठून थेट जाऊ नका. गोंगाटानंतर कान काही तास तात्पुरता मंदावलेला असतो. निदान सोळा तास शांततेत घालवून सकाळी जावे. आधी कानातला मळ तपासून घ्यावा. निम्म्या वेळा निम्मी तक्रार तिथेच निघते, असे नाही म्हणत, पण घडते.

पूर्वभाग

मी सोलापुरातच ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय २२ वर्षे करीत आहे, त्यामुळे या चर्चेत मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजावे.

मिरवणुकीत दोन मंडळांची चढाओढ लागते आणि एकाने आठ बॉक्स लावले की दुसरा सोळा मागतो. मंद्र यांनी सांगितलेला ३ डेसिबलचा हिशेब मी कार्यकर्त्यांना अनेकदा समजावून पाहिला आहे : दुप्पट बॉक्स, दुप्पट जनरेटर, दुप्पट भाडे, आणि रस्त्यावर उभ्या माणसाला जेमतेम लक्षात येईल एवढी वाढ. पैसे देणारा माणूस बॉक्स कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनी मोजतो. गंमत अशी, की आपल्याकडे या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाची कंपनी १९६५ मध्ये सुरू झाली ती फितीवरची सरसर कमी करण्याच्या तंत्रासाठी, आणि आमच्या बॉक्सशी तिचा काडीचाही संबंध नाही.

मी स्वतः एक गोष्ट पाहिली आहे. आवाज सांभाळणारा मुलगा रात्री आठला ज्या पातळीवर सुरुवात करतो, ती त्याला दहाच्या सुमारास फिकी वाटू लागते आणि तो न कळत बटण वर सरकवतो. कर्णपटल यांनी सांगितलेला तात्पुरता मंदपणा तो हाच असावा. म्हणून मी आता सुरुवातीलाच खूण करून टेप चिकटवतो आणि तिच्या वर जायचे नाही असे बजावतो.

नियमांबद्दल नेहमी गोंधळ असतो, म्हणून लिहितो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज तिथल्या मूळ पातळीपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. मात्र हे मोजमाप ‘ए’ भारांकाने होते. हा भारांक कानाच्या खर्जातल्या मंदपणाची नक्कल करतो, आणि त्यामुळे ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा होतात. फ्लेचर-मन्सन यांचे आलेख पाहिले तर ही वजावट हळू आवाजाला शोभते. छाती हलवणाऱ्या आवाजाला कान तेवढा मंद राहत नाही. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांबीची असते आणि भिंत तिला फारशी अडवत नाही. मीटरवर आकडा बरा दिसतो आणि तिसऱ्या गल्लीतली खिडक्यांची तावदाने थरथरतात, ते यामुळे.

उलट हलगी आणि ताशा यांना वीज लागत नाही. त्यांचा जोर नेमका कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्टीतही भरपूर असतो, म्हणून चार हलग्या अख्खा लेझीमचा ताफा नाचवतात. सनईचेही तसेच. जुन्या लोकांनी वाद्ये कानाचा आलेख न पाहता त्याच्यावर बेतली होती.

मूळ प्रश्नाकडे येतो. आपण संध्याकाळी गाणे ऐकता, तेव्हा कूलर चालू असतो का? सोलापूरचा उन्हाळा पाहता असणारच. लहानपणी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट आपण सर्वांनी पाहिला आहे. गॅलरीत भिंतीशी कुजबुजले की सुमारे ३७ मीटर पलीकडे समोरच्या भिंतीशी ऐकू येते. पण दुसऱ्या शाळेची सहल आत शिरून किंचाळू लागली की कुजबुज संपली. तंबोऱ्याचे तसेच आहे. कानाची किमान मर्यादा शून्य असली तरी खोलीची किमान मर्यादा कूलर ठरवतो, आणि त्याच्या खालचे सगळे पाण्याखाली जाते.

धोटा (सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. रविवारी कारखाना बंद ठेवून सोमवारी सकाळी चाचणी करून घेतली. मळ निघाला नाही. १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान २० डेसिबलच्या आत आहेत (आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी), २००० ला ३०, ४००० ला उजवा ५० आणि डावा ५५, आणि ८००० ला पुन्हा दोन्ही ४० वर आलेले आहेत. आलेखावर ४००० पाशी स्पष्ट खाच दिसते. डावा कान आयुष्यभर मागांच्या ओळीकडे होता. अहवाल पत्नीला दाखवला. तिने तो शांतपणे वाचून घडी करून ठेवला आणि काही बोलली नाही, याचा अर्थ घरातल्यांना कळला आहे.

कूलरचा अंदाज बरोबर निघाला. मोबाइलवरच्या मापकाने कूलर चालू असताना ५८ आणि बंद असताना ३७ दाखवले. मोबाइलचे मापक काटेकोर नसते हे मला मान्य आहे, पण एकवीसचा फरक चुकून येणार नाही. आता मी पहाटे पाचला, शेजारचा कारखाना सुरू होण्याआधी ऐकतो. आकडा २६ वरून १९ वर आला आणि आलाप तरीही पूर्वीपेक्षा अधिक मिळतो. तंबोऱ्याची जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) ऐकू येते. जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा झंकार मात्र ऐकू येत नाही; तो ध्वनिमुद्रणातच नसावा असे मी समजत होतो. नातवाला बसवून विचारले, तर तो म्हणाला की आहे, आणि कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ जशी बारीक सूं करते तसा आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. त्या झंकारासाठी इक्वलायझरवर ४००० ची पट्टी चढवावी का? आणि कारागिरांसाठी कानात घालायचे बोळे आणले, तर जुने कारागीर म्हणतात की मागाचा बिघाड आम्ही आवाजावरून ओळखतो, बोळे घातले तर कसे कळणार? त्यांचे म्हणणे मला पटते, कारण मीही तसाच ओळखत असे.

कर्णपटल

४००० ची पट्टी एकदम दहा-बारा डेसिबलने चढवू नका. तिथली आपली जागा अरुंद झाली आहे, त्यामुळे झंकार ऐकू येण्याआधी टाळ्या आणि झांजा बोचू लागतील. तीन-चार डेसिबल चढवून पाहायला हरकत नाही. कानाचे खरे काम श्रवणयंत्राने होईल, आणि ते घेताना संगीतासाठी वेगळी मांडणी ठेवून मागा. बोलण्यासाठी केलेली मांडणी तंबोऱ्याला कधी कधी शिट्टी समजून दाबून टाकते.

बोळ्यांबद्दल कारागिरांची शंका अर्धी खरी आहे. बोळे मागाचा खडखडाट आणि बिघाडाचा आवाज दोन्ही सारखेच खाली आणतात, त्यामुळे दोघांमधले अंतर तेवढेच राहते. उलट ९० डेसिबलच्या वर निकोप कान स्वतःच गुदमरलेला असतो आणि बोळ्यांनी त्याला अधिक स्वच्छ ऐकू येते. पहिले काही दिवस आवाज अनोळखी वाटतो, मग सवय होते. ज्यांचा कान आधीच ४००० पाशी पडला आहे, त्यांना मात्र बिघाडाचा बारीक आवाज खरोखरच हुकू शकतो. म्हणून आधी सगळ्यांची चाचणी करा, तरुण कारागिरांना आजपासून बोळे द्या, आणि जुन्यांसाठी आवाज कमी आणि सारख्या प्रमाणात उतरवणारे बोळे मिळतात ते घ्या.

मंद्र

झंकाराबद्दल एक पुस्ती. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास मांडला होता. तार छेडण्याच्या जागेवरून पाहता जे वरचे स्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे जोरात उमटतात असे त्यांना दिसले. म्हणजे जवारीचा झंकार एका पट्टीत बसलेला नसतो. वरच्या स्वरांची ती अख्खी माळ असते. आपला कान २००० ला अजून ३० वर आहे. तेव्हा ४००० च्या मागे न लागता दीड ते अडीच हजारांची पट्टी चार-पाच डेसिबलने उचला; माळेतले खालचे मणी तिथे मिळतील. आणि आपण परवानगी दिलीत तर त्या ख्यालाची मूळ फाइल मला पाठवा. चढउतार चाळीसवरून वीस-बावीसवर आणून, आलाप उचलून आणि ताना न कातरता एक वेगळी प्रत करून देतो. मूळ प्रत मात्र पुसू नका, नातवाला ती लागेल.

धोटा (सोलापूर)

फाइल पाठवली आहे. कूलर दुरुस्तीला दिला आहे.